मालकांचा पहिला बॉल

२ जून, अंथुर्णे
टीमनं करार वाढवला नाही. का, तर म्हणे मी पॉइंट करत नाही. अरे, मी सेंटर! सात सीझन बास्केटखाली उभा राहून समोरच्यांचे शॉट अडवले, ते कोण मोजणार? या देशात अडवणाऱ्याला किंमतच नाही. उद्यापासून पहाटे पाचला रनिंग.

३ जून
रनिंग सोमवारपासून.
आबा म्हणाले, तू अडवतूस ते ठीक हाय रविराज, पर टाकतूस कवा? जन्मदाता बाप हा! रागानं जेवलो नाही. नंतर जेवलो.

९ जून, सकाळी ११
सोमवार. आत्ताच उठलो.
पण गुड न्यूज! इरफानचा फोन. पूर्वी माझ्याच टीममध्ये होता, आता बारामती एमआयडीसीत नव्या टीमचा कोच. मालक विजयसिंहराव, दूधवाले. रविवारी उद्घाटन. पहिला बॉल मालक टाकणार, मग करार कुणाकुणाला ते जाहीर करणार. इरफान म्हणाला, तू नुसता बास्केटखाली उभा राहा आणि टाळ्या वाजव. म्हणजे माझं फिक्स. स्वरूपा म्हणाली, सही होईस्तवर कुणाला बोलू नका. बायको असून विश्वास नाही.

१५ जून
हार, फेटा, सनई. मालकांनी बॉल टाकला. माझा हात गेला.
मुद्दाम नाही. जातोच तो. बॉल थेट बचत गटाच्या बायकांत. फोटोग्राफर म्हणाला, साहेब, परत एकदा. साहेबांनी परत टाकला. हात परत गेला. क्लीन ब्लॉक, फाउल नाही. साहेबांचा फेटा तेवढा पडला. नावं जाहीर झालीच नाहीत. वेळ कमी पडला असणार.

१६ जून
स्वरूपा म्हणते, जाऊन माफी मागा, घर चालवायचंय. डिफेन्सची माफी? हट्! साहेब आतून खूश असणार.

२३ जून
सेंटर म्हणून बावड्याच्या संदेशला घेतलं. इरफानला विचारलं, साहेबांनी डूख धरला ना? तो म्हणाला, छे, ते तर हसून विसरून गेले. तुझं नाव आधीपासूनच नव्हतं, तुला टाळ्या वाजवायलाच बोलावलं होतं.
खोटं बोलतोय. त्याच्यावर प्रेशर आहे.

२९ जून
पहिल्या मॅचला गेलो. संदेश कुठं चुकतो ते बघायला. आबा हट्टानं बरोबर आले.
सुरुवातीलाच संदेशनं एक शॉट अडवला. अख्खं पब्लिक उठून उभं राहिलं. आबा ओरडले, आरं, काय अडवलं रं पोरानं! सत्तरीचा माणूस, शिट्ट्या मारत होता.
मी उठलो नाही. मागच्यांना दिसलं नसतं.