मागची जागा आणि सब्जाची झाडे

मी, श्रीमती कोकिळा पुंडलिकराव गावंडे, वय ७३, राहणार दिग्रस, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर माझ्या मनाने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. मोतीबिंदू डोळ्यांत आहे, डोक्यात नाही.

१. माझ्या नावावरचे राहते घर मुलगा रजत याला मिळावे. घरामागची बारा बाय वीस फुटांची मोकळी जागा मात्र यात धरू नये. तिथे फरशी टाकून गाडी उभी करायचा त्याचा बेत मला ठाऊक आहे.

२. त्या जागेत शेवंती, गुलबक्षी, मरवा, गवती चहा आणि सब्जा आहे. सब्जाची हकीकत अशी. मी केळापूरहून लग्न होऊन आले, त्याच आठवड्यात पाहुणे येणार म्हणून पितळी तांब्यात शेवंती मांडली आणि वासासाठी तुळशीच्या मंजिऱ्या खोचल्या. सासूबाई पाहुण्यांदेखत कडाडल्या, "तुळस देवाले वाह्यतात, बैठकीत मांडत नाहीत! माहेरी काही शिकवलं का नाही तुले?" पुढे तीन वर्षे मी घरात एक फूल मांडले नाही. मग एकदा माझे यजमान बाभुळगावहून ओल्या फडक्यात रोपे गुंडाळून घेऊन आले. दिसायला थेट तुळस, पण सब्जा. "हे देवाची नोहे, तुही आहे," एवढेच बोलले. आजही सब्जाचे पान चुरगळले की ते दारात उभे आहेत असे वाटते आणि मला रडू येते.

३. तांब्या, काचेची बरणी आणि कात्री नात खुशी हिला. देठ तिरपा कापावा, पाण्यात बुडणारी पाने काढावीत, पाणी रोज बदलावे.

४. सून ममता हिने आणलेली प्लॅस्टिकची फुले मी माळ्यावर टाकली, त्याचे मला वाईट वाटत नाही. वाईट वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. गेल्या वर्षी मी यवतमाळला दवाखान्यात होते. घरी आले तर बरणीत शेवंती आणि सब्जा, पाने पाण्यात कुजलेली. चप्पल न काढताच मी म्हणाले, "माहेरी काही शिकवलं का नाही तुले?" ममता म्हणाली, "आई, तुमची दवाखान्यातून सुट्टी परवाच होणार होती, ती लांबली. तवाच मांडली होती." आणि बरणी आत घेऊन गेली. तेव्हापासून तिने घरात फूल मांडलेले नाही. मला माफी मागणे जमले नाही, ती इथे मागते. मागची जागा ममताच्या एकटीच्या नावे करावी.

५. मी गेल्यावर माझ्यासाठी बाजारातून हार आणू नये. त्या दिवशी मागे जे फुललेले असेल ते ममताने तिच्या मनाने मांडावे. पाने राहिली तरी चालतील. खुशीने मध्ये बोलू नये.

६. साक्षीदार पुष्पाबाईंनी वाचून विचारले, "वहिनी, इतकं मरेपर्यंत कायले ठेवता? आजच सांगा ना तिले." म्हणून हे कलम वाढवले: सह्या झाल्यावर हा कागद कपाटात ठेवण्याआधी ममताला वाचायला द्यावा. मी समोर बसेन.

सही: कोकिळा पुं. गावंडे

साक्षीदार: १. पंजाबराव ढोले २. पुष्पा राऊत

स्थळ: दिग्रस, जि. यवतमाळ
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२४