आजींच्या अंगणातला पंप

प्रिय आई,

इथूनच तुझ्या पाया पडते. मी मजेत आहे. खोकलाही जवळजवळ थांबलाय.

जुन्या कारखान्याचं विषारी पाणी जमिनीखालून शहराच्या विहिरींकडे सरकतंय. ते वाटेतच उपसून शुद्ध करायचं, हे आमचं काम. त्यासाठी पंप बसवायला एका आजींचं अंगण हवं होतं, पण त्या काही केल्या ऐकेनात. "माझ्या विहिरीचं पाणी गोड आहे," म्हणायच्या.

मागच्या महिन्यात त्यांनी पेला भरून माझ्यापुढे ठेवला. "तुला मुलगी आहे ना? तिला देशील हे?"

हो म्हटलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. पण छकुली डोळ्यांसमोर आली. "नाही देणार, आजी."

त्यांनी पेला परत स्वतःकडे ओढून घेतला. मग म्हणाल्या, "नातवंडांना हेच पाजत आले गं मी." आणि उठून स्वतःच अंगणातल्या कुंड्या बाजूला सरकवू लागल्या. मीही हात लावला.

आज पंप सुरू झाला. आजींकडे आता रोज टँकर येतो.

छकुलीला खूप पापे. आणि आई, दादा इकडे येईल तेव्हा त्याच्याबरोबर आपल्या विहिरीचं बाटलीभर पाणी पाठव. घाबरू नकोस, उगीच आपलं माझ्या समाधानासाठी तपासून बघते.

तुझीच,
थोरली