पार्किंग नंबर सात ते मस्कत

रविवार, २ मार्च
ठरलं. मस्कतला जायचं. समुद्रातून, स्वतः बांधलेल्या बोटीने. कंपास नाही, जीपीएस नाही, मोबाइल घरी.

कारण देवदत्त. क्षमाचा धाकटा भाऊ. मस्कतला असतो आणि वर्षातून एकदा आमचं डोकं खायला अंधेरीला येतो. काल माझ्याच घरी माझंच श्रीखंड चापत सगळ्यांसमोर म्हणाला की भावोजींना स्टेशनवरून घरी यायलासुद्धा मोबाइलमधली बाई लागते. सगळे हसले. क्षमा इतकी हसली की ठसका लागला. पाणी मीच दिलं.

मी सांगून टाकलं की कुठलंही यंत्र न बघता तुझ्या दारात येऊन उभा राहीन. म्हणाला, या, धक्क्यावर हार घेऊन थांबतो. थांबच म्हणावं.

गुरुवार, ६ मार्च
आपल्याकडे गाडी नाही, पण पार्किंग नंबर सात आपल्या नावावर आहे. तिथेच बांधणार. सेक्रेटरी चंद्रप्रकाश लगेच हजर. म्हणे पार्किंग फक्त वाहनासाठी. बोट वाहनच आहे म्हटलं. तर म्हणे, मग पीयूसी दाखवा. हा माणूस बिनविरोध निवडून येतो. सोसायटीची लायकी कळते.

मापं घेतली. टेप वापरली नाही. टेप हेही यंत्रच, तत्त्व म्हणजे तत्त्व. पार्किंगच्या दोन खांबांमधली वाट माझ्या वितीने अकरा वीत भरली. सुयोग सुताराला बोटीची रुंदी दहा वीत सांगितली. एक वीत मोकळी. डोकं लागतं याला.

रविवार, २० एप्रिल
दिशाज्ञानाचा सराव. सूर्य समोर ठेवून अंधेरी ते घाटकोपर, चालत, कोणालाही न विचारता.

स. ८:००. निघालो.
स. ९:१५. चहा, वडापाव, पुन्हा चहा.
दु. १२:४०. सांताक्रूझ. समोर विमानतळाची भिंत.

मी चुकलो नाही. सूर्य सरकला. समुद्रावर मध्ये चहाच्या टपऱ्या नसतात, त्यामुळे तिथे हा प्रश्न येणार नाही. रिक्षाने परत. रिक्षावाल्याने कुठून घेऊ विचारलं. त्याच्यावर खेकसलो की तुझं तू बघ.

शनिवार, १० मे
वर्सोव्याला शिवदास कोळ्याला भेटलो. पन्नास वर्षं दर्यात काढलेला माणूस. त्याने आपल्या होडीतून समोर मढला नेलं. पाच मिनिटांचा प्रवास. दोनदा उलटी झाली. सकाळचा उपमा शिळा असणार, क्षमाचा घातपात. येताना तिसऱ्यांदा झाली, ती उन्हामुळे.

शिवदास म्हणाला की काका, जाऊ नका, दर्या चेष्टा सहन करत नाही.

जाऊ नका असं म्हणणारा हा पहिलाच माणूस. घरात अजून कोणी म्हणालेलं नाही. नोंद म्हणून लिहितोय. अपेक्षा वगैरे काही नाही.

रविवार, १ जून
क्षमाला तारीख सांगितली. ८ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा. कोळी दर्याला नारळ देऊन बोटी काढतात, तसाच मीही. सांगून थांबलो. मुद्दाम चष्मा पुसत थांबलो.

ती म्हणाली की मग नऊ तारखेपासून दूध अर्धा लिटर कमी करायला सांगू का.

सांग म्हटलं. बरं म्हणाली आणि भाजी निवडायला बसली. चौतीस वर्षं संसार केला आणि मागे काय उरणार, तर अर्धा लिटर. मेलो तर आणखी पाव लिटर कमी करेल. संताप संताप झाला. आता जाणारच. आता तर पाया पडली तरी जाणार.

शनिवार, १९ जुलै
बोट तयार. प्लायवूड, वर रेझिनचे तीन हात. पाण्याचा थेंब आरपार जाणार नाही. चंद्रप्रकाशची चौथी नोटीस: गणपतीआधी पार्किंग रिकामं करा. अरे, तेव्हा मी मस्कतला खजूर खात असेन! कोणीतरी बोटीत भेळेचा कागद टाकला. दुसऱ्या मजल्यावर संशय आहे.

क्षमा अजून काही म्हणालेली नाही. आज विचारलं, काही बोलायचंय का. म्हणाली, हो, येताना कोथिंबीर आणा.

शुक्रवार, ८ ऑगस्ट
स. ९:००. टेम्पो आला. आठ माणसं. अख्खी सोसायटी खाली, ब्याद टळतेय म्हणून चेहरे खुललेले. चंद्रप्रकाशने स्वतः नारळ आणला. ढोंगी.

स. ९:२०. उचलली.

स. ९:२५. अडकली. दोन खांबांच्या मध्ये.

सुयोगची गचांडी धरली. त्याने शांतपणे आपला पंजा माझ्या पंजाशेजारी ठेवला. त्याचा हात म्हणजे सुपडं. त्याने दहा वीत त्याच्या हाताने मोजल्या होत्या. म्हणाला, काका, तुम्ही वीत म्हणालात, कोणाची ते कुठे सांगितलं. यार, हे काय सांगायचं असतं?

एक खांब थोडा तासू द्यावा, अशी चंद्रप्रकाशला जागच्या जागी विनंती केली. बिल्डिंग उभी आहे त्यावर, म्हणाला. संकुचित वृत्ती. मग तो हसला. सगळेच हसले. टेम्पोवाला तर खाली बसून हसला.

वर बघितलं. क्षमा गॅलरीत होती. हसत नव्हती. आत गेली. ते जास्त लागलं.

गुरुवार, २८ ऑगस्ट
दीड दिवसाचं विसर्जन. पालिकेच्या कृत्रिम तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर गुडघाभर पाणी. चंद्रप्रकाशने बेल वाजवली. बोट मागितली. हौद म्हणून! मी तोंडावर नाही म्हटलं. खाली गेलो तर पाइप लावून बोट अर्धी भरलेली. क्षमाने सकाळीच हो सांगितलं होतं.

बारा गणपती माझ्या बोटीत बुडवले. आमचा तेरावा, तो मीच सोडला. बोटीच्या पुढच्या टोकाशी उभं राहून सगळ्यांच्या मूर्ती मीच हातात घेतल्या. कॅप्टनची जागा तीच असते.

थेंबभर पाणी गळलं नाही. चंद्रप्रकाश खाली वाकून बघत होता. पाठीवर थाप मारून म्हणाला, पुढच्या वर्षीही इथेच. देवदत्त व्हिडिओ कॉलवर आरती करत होता. भावोजी, झकास, असं ओरडला, आणि म्हणाला की तो हार बाप्पालाच घाला. डोळ्यांत पाणी आलं. कापराचा धूर फार होता.

शुक्रवार, २९ ऑगस्ट
स. ६:३०. बेल वाजली. क्षमाचे पाय दुखत होते म्हणून दार मी उघडलं. दूधवाला बाळा. हातात पूर्ण लिटर. त्याला झापलं की माझं जायचं रद्द झालं, हे तुला कोणी सांगितलं, नऊ तारखेपासून अर्धाच लिटर होतं ना. तो म्हणाला, अर्धा कधीच नव्हतं. बाई काही बोलल्याच नाहीत. जूनमध्ये? नाही. जुलैमध्ये? नाही. आणि साहेब, तुम्ही कुठे जाणार होतात?

क्षमाला उठवून विचारलं. ती म्हणाली, कमी करायला सांगायचं, मग परत वाढवायला सांगायचं, दोनदा कोण तोंड वाजवणार. आणि कूस बदलली.

स. ७:००. चहा केला. दोघांचा. दूध भरपूर होतं.