दक्षिणेकडे तोंड करून

कॉव्हेंट्री,
सोमवार, ३० मार्च २०२६

ती. शैलाताईंस सुमनचा नमस्कार.

तीन वर्षांनी माझं अक्षर दिसल्यावर तुम्ही आधी वाईट बातमी शोधाल. तशी काही नाही, निदान नवी नाही. आमच्या तब्येती ठीक आहेत. तुमच्या भावाची शुगर आटोक्यात आहे, माझा उजवा गुडघा माझ्यावर रुसलेला आहे तो आहेच. काल घड्याळं तासाने पुढे केली, एवढाच इथला उन्हाळा. बाहेर अजून कोट लागतो. तुमच्याकडे नागपुरात कूलर लागले असतील. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालं, हे मला कळलं. श्रीकांत तुमच्याशी मोबाइलवर बोलतात तेव्हा मी स्वयंपाकघरात भांडी वाजवत असते, पण कान तिकडेच असतात.

मी स्वतः फोन का केला नाही, ते पुढे येईल.

आम्ही क्रूझवर जाऊन आलो हे मालविकाच्या फोटोंवरून तुम्हाला कळलंच असेल. मालविका आणि यतीन, आमच्या गल्लीतले. यतीनची सत्तरी झाली म्हणून त्याने गळ घातली, बार्बाडोसपर्यंत विमान आणि तिथून बोट. फोटोंमध्ये मी हसतेय, त्यावर जाऊ नका. मालविका हसल्याशिवाय सोडत नाही.

खरं म्हणजे श्रीकांत पहिल्या झटक्यात हो म्हणाले तेव्हाच मला शंका यायला हवी होती. आमच्या घरात इतक्या वर्षांत समुद्र दिसेल अशी सुट्टी कोणी काढलेली नाही. का, ते तुम्हाला माहीत आहे. मला वाटलं, माणूस रिटायर झाला, आयुष्यभर ऑपरेशन थिएटरमध्ये लोकांना भूल देत उभा राहिला, आता त्यालाही थोडं ऊन हवं असेल. म्हणून मीही हो म्हटलं.

बोट कसली, तुमचं नागपूरचं अख्खं धंतोली उचलून पाण्यात ठेवावं तेवढी. पहाटेपासून खाणं सुरू. एवढं असूनही यतीन संध्याकाळी केबिनमध्ये घरून आणलेला भडंग उघडायचा आणि आम्हाला मुठी मुठी वाटायचा. श्रीकांत खिशात गोळ्यांची एक छोटी बाटली घेऊन हिंडत होते. बोट लागू नये म्हणून काहीतरी असेल, असं मी धरून चालले. डॉक्टरच्या खिशात बाटली असणारच.

पहिल्या दिवसांत मी नेहमीचं केलं. मी काय करते ते तुम्हाला मी कधी सांगितलेलं नाही. जिथे माणसं जमतात तिथे मी एकेक चेहरा बघून घेते. स्टेशनवर, सुपरमार्केटच्या रांगेत, टीव्हीवर मॅच असली तर मागे बसलेल्या लोकांतसुद्धा. उंच, थोडा पोक काढून चालणारा कोणी दिसला की पुढे जाऊन वळून बघते. बोटीवरही जेवणाच्या हॉलमध्ये तेच. वाढणारी मुलं, बार सांभाळणारी मुलं, सगळी बघून झाली.

मग ग्रेनाडा आलं. लहानसं हिरवं बेट, जायफळासाठी प्रसिद्ध. सकाळी बोट धक्क्याला लागली, संध्याकाळच्या आत परत या नाहीतर आम्ही निघालो, असं स्पीकरवर बजावून सांगितलं आणि आम्ही चौघं मिनीबसने बीचवर गेलो. लांबच लांब पांढरी वाळू. पाणी असं की खोटं वाटावं. आमच्याच बोटीतली शेकडो माणसं, तेल लावून आडवी पडलेली. यतीन चड्डी घालून थेट पाण्यात. मालविका टोपी सांभाळत त्याच्या मागे फोटो काढायला.

आम्ही भाड्याच्या दोन खुर्च्या घेतल्या. श्रीकांतांनी खुर्च्यावाल्याला विचारलं, दक्षिण कुठे? त्याने मागे बोट दाखवलं, रस्त्याकडे, हॉटेलांकडे. श्रीकांतांचा चेहरा उतरला. मला वाटलं, दुपारी सावली कुठे सरकेल त्याचा हिशेब चाललाय.

एक बाई टोपली घेऊन आली. जायफळं घेतली मी, तुमच्यासाठीही घेतलीत, लाल जायपत्रीसकट. पैसे दिल्यावर तिने वरती दोन आंबे ठेवले. अजून मोसम नाही, पण माझं एक झाड उतावळं आहे, म्हणाली. मी नको म्हणेपर्यंत ती पुढे गेली. मी ते टॉवेलात गुंडाळून ठेवले, मालविकाला द्यायला.

तुम्हाला तो दिवस आठवत असेल. क्षितिज गेला त्यानंतरचा पहिला उन्हाळा, तुमचं स्वयंपाकघर. तुम्ही रस काढला होता. मी म्हटलं, तो घरी येईपर्यंत मी आंबा खाणार नाही, आणि वाटी सरकवली. तुम्ही तुमचीही वाटी सरकवलीत आणि हात धुतलेत. ताई, माझ्या सख्ख्या बहिणींनी एवढं केलं नाही.

बघा, लिहिलं शेवटी. “गेला” हा शब्द मी वापरत नाही. मी म्हणायची, “तेव्हापासून भेट नाही.” लंडनला हॅरोच्या फ्लॅटची किल्ली जागेवर, बँकेतली नोकरी चालू, आणि एका गुरुवारी ऑफिसला न जाता मुलगा गाडी घेऊन वेल्सच्या समुद्रावर गेला. तिथल्या पार्किंगमध्ये गाडी सापडली, काचेवर दिवसभराचं तिकीट. त्या तिकिटावर मी इतकी वर्षं काढली. जो परत येणार नाही तो दिवसभराचं पार्किंग कशाला भरेल? पोलिसांना मी हेच विचारलं, श्रीकांतांना हेच विचारलं. कोणाकडे उत्तर नव्हतं, आणि उत्तर नाही हेच मला पुरत होतं.

तर मी खुर्चीत पडले होते. डोळा लागला असेल थोडा. जागी झाले तेव्हा उन्हं बरीच कलली होती, आणि एकदम माझ्या लक्षात आलं की सकाळपासून मी एकाही चेहऱ्याकडे पाहिलेलं नाही. एवढी माणसं, आणि मी त्याला शोधलंच नव्हतं. देवाला दिवा लावायचा राहिला तर होतं तसं झालं. मी उठून बसले आणि घाईघाईने सुरुवात केली, वाळूतले, मग बारजवळचे, मग पाण्यातले. एकेक चेहरा बघत पाण्यातल्यांपर्यंत आले आणि श्रीकांतांवर थांबले.

कमरेइतक्या पाण्यात उभे होते. सगळी दुनिया समुद्राकडे तोंड करून उभी, आणि हे एकटे आमच्याकडे, किनाऱ्याकडे. डोक्यावर पांढरा रुमाल. बाजूला दोन मुली रबरी बदकावर बसून ओरडत होत्या. यांनी ती गोळ्यांची बाटली उघडली, तळहातावर काही काळं ओतलं, ओंजळीत पाणी घेतलं आणि अंगठ्याच्या बाजूने सोडलं. परत घेतलं, परत सोडलं. ओठ हलत होते.

आप्पांचं श्राद्धही ज्याने कधी केलं नाही, तुम्हीच तिकडे गुरुजींना सांगून करवत आलात, तो तुमचा भाऊ पाण्यात उभा राहून तर्पण करत होता. दक्षिणेकडे तोंड करून. दक्षिणेला मी होते.

मुलाने बापाला पाणी द्यायचं असतं. हे उलटं बघायला लागू नये कोणाला.

मी हाक मारली नाही. तेही मला बघत होते, पण थांबले नाहीत. मग ओले तसेच येऊन खुर्चीवर बसले.

“तीळ कुठले?” मी विचारलं.

“घरचे. तुझ्या डब्यातले.”

“मला सांगितलं का नाहीत?”

“तू करू दिलं नसतंस.” मग म्हणाले, “वेल्सला दोनदा जाऊन आलो, तुला न सांगता. पार्किंगच्या खाली, पाण्यापर्यंत, माझ्याच्याने उतरवलं नाही. इथे आपल्याला कोणी ओळखत नाही.”

मला राग यायला हवा होता. तीन वर्षांपूर्वी अक्षय्य तृतीयेला तुम्ही फोन करून विचारलंत, क्षितिजच्या नावाची घागर भरू का, तेव्हा मी काय बोलले ते तुम्ही विसरला नसाल. माझा मुलगा जिवंत आहे, तुमच्या घागरी तुमच्या मेलेल्यांना भरा, म्हटलं, आणि फोन आपटला. ते बोलणं मी आजही मागे घेत नाही. त्या दिवशी मला ते खरं होतं. पण बीचवर बसून मी राग शोधत होते आणि तो सापडत नव्हता. मी दमले होते, ताई. एवढंच खरं. नऊ वर्षं चेहरे बघून मी दमले होते.

मी टॉवेलातला एक आंबा काढला. देठाकडून दातांनी साल सोलायला घेतली.

श्रीकांतांनी माझं मनगट धरलं. “तू नको, सुमन,” म्हणाले. “तू तरी नको.”

इतक्या वर्षांत हा माणूस माझ्यासमोर रडला नाही. गाडी सापडली तेव्हा नाही, पोलिसांनी फाइल बंद केली तेव्हा नाही. आणि आता रडत होता, शेजारच्या इंग्रज बाईने पुस्तक खाली ठेवून बघावं इतका. तेव्हा मला कळलं. त्यांना ते पाणी सोडता आलं, ते माझ्या जिवावर. घरात एक जण वाट बघत बसलेलं आहे हे माहीत होतं म्हणून दुसऱ्याला उठता आलं. मीही उठले तर तिथे कोणीच उरणार नव्हतं.

कळलं, आणि तरी मी खाल्ला. त्यांचा हात बाजूला केला आणि कोयीपर्यंत खाल्ला. तंतू फार होते. गोड होता. रस कोपरापर्यंत आला तेव्हा त्यांनीच बाटलीतलं पाणी घालून माझे हात धुतले. मालविका आली, म्हणाली, “अय्या, मँगो! मला नाही ठेवला?” दुसरा तिला दिला. तो मोठा फोटो तेव्हाचा. म्हणून माझी बोटं पिवळी आहेत.

वेळेवर बोटीवर परतलो. रात्री जेवलो, कोणत्या तरी नाचाच्या कार्यक्रमात टाळ्या वाजवल्या. त्या विषयावर तेव्हा बोललो नाही आणि नंतरही नाही.

घरी आल्यावर मी आवराआवर काढली. वरच्या खोलीतले त्याचे बूट, टेनिसची रॅकेट. आमची लँडलाइन तुम्हाला माहीत आहे, जुना नंबर. त्यावर आता फक्त काहीतरी विकणारे फोन करतात. कंपनी कधीची मागे लागलीय, लाइन बदला नाहीतर बंद करा. मी भांडून ती टिकवली होती, कारण तेवढा एकच नंबर क्षितिजला तोंडपाठ. परवा म्हटलं, देऊ या सोडून. दुसऱ्या दिवशी बघते तर श्रीकांतांनी कंपनीला फोन लावून, अर्धा तास गाणी ऐकून, नंबर कायम ठेवून घेतला होता. बूटही परत वर गेलेत. बाजारात गेलो की आता तेच लोकांची तोंडं बघत चालतात, मी पिशवी घेऊन मागून. ज्याने त्याला पाणी दिलं तोच आता त्याची वाट बघतोय, आणि मी त्यांना थांबवू शकत नाही. त्यांनीही मला नऊ वर्षं थांबवलं नव्हतं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. अक्षय्य तृतीया १९ एप्रिलला आहे. पत्र तोपर्यंत पोचेल अशा बेताने आजच टाकतेय. आप्पांच्या आणि आईंच्या घागरी भराल, तेव्हा शेजारी एक आमच्या क्षितिजची भरा. माठ छोटा घ्या, लहान होता तो. नैवेद्याला पुरण नको, त्याला आवडायचं नाही. कुरडया ठेवा आणि रस ठेवा. तुमच्या भावाला सांगू नका.

आणि मग तुम्ही रस खा, ताई. पोटभर खा. तुम्ही इतकी वर्षं माझ्यासाठी थांबलात. माझं थांबून झालं.

उत्तर पाठवाल तर पत्राने पाठवा. लँडलाइनवर फोन करू नका. तो वाजला की श्रीकांत जिना उतरून धावत येतात.

तुमची,
सुमन