चारशे तीस अँपियरचे थोतांड

३ फेब्रुवारी, मंगळवार
आले: क्लॅम्प मीटर एक, ८९० रुपये. त्याचे सेल दोन, ४०. पार्सलवाल्याला पाणी दिले, फुकट. सोबत एक कापडी पिशवी आली, न मागता. ठेवून घेतली.
दुकानदार फोनवर सांगत होता, "बाई, ट्रॅक्टरसाठी हवा असेल तर दोन हजार सहाशेचा घ्या." तारेभोवती चिमटा धरायचा आणि आकडा वाचायचा. चिमटा तो चिमटाच. सतराशे दहा वाचले.
कारण लिहून ठेवते, म्हणजे उद्या कोणी उलटे बोलायला नको. ट्रॅक्टर किल्लीने चालू होत नाही, नुसता कुंथतो. रोज सकाळी हे आणि शेजारचे दोघे उतारावर ढकलतात तेव्हा धडधडतो. सोळा तारखेपासून कंत्राटदाराकडे मातीच्या खेपा, चार महिन्यांचे काम. साइट सपाट. त्याने साफ सांगितले आहे, ढकलून चालू होणारा ट्रॅक्टर गेटच्या आत घेणार नाही.
धाकट्या भावजींचे गॅरेज आमच्याच शेडमध्ये. भाडे माफ, दुपारचे जेवण आमच्यात. ते म्हणतात, "स्टार्टर उघडावा लागेल, आतली बुश-कडी झिजलीत, फिरता आर्मेचर घासतोय." खर्च ४८००. करंट मोजलाही म्हणे. अडीचशेच्या आसपास ओढायला हवा तिथे चारशे तीस अँपियर ओढतोय.
चारशे तीस! आमच्या अख्ख्या घराचा फ्यूज पंधराचा. एवढा करंट एका बॅटरीत असता तर गल्लीची राख झाली असती. आकडा फुगवायलाही अक्कल लागते. मी मॅट्रिक आहे. भावजी नववीत बसले ते उठलेच नाहीत.
म्हणे, "वहिनी, माझा मीटर घ्या, स्वतः बघा." चोराच्या तराजूत वजन कोण करतो?

५ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी ९
मोजणी. हे सीटवर. इंजिन बंद करायचा दांडा ओढून धरायला लावला, म्हणजे इंजिन पेटायचे नाही, नुसता स्टार्टर फिरेल. (ही युक्ती भावजींची, पण युक्तीवर कोणाचे नाव नसते.) बॅटरीकडून स्टार्टरला जाणाऱ्या जाड तारेला मी चिमटा लावला. माझी अकरा नामे होईपर्यंत किल्ली सोडायची नाही असे यांना बजावले. घड्याळापेक्षा नाम बरे. वेळही मोजली जाते, पुण्यही लागते.
पहिल्यांदा शून्य. दुसऱ्यांदा शून्य. तिसऱ्यांदा तीन दाखवून परत शून्य. एकूण नऊ वेळा मोजले. कोणी म्हणायला नको की घाई केली.
भावजी शेडमधून ओरडले, "पाच सेकंदांवर स्टार्टर मारू नका, जळेल तो!" म्हटले, जळेल तो तुमचा धंदा.
यांचे आपले वेगळेच. "शून्य असेल तर फिरतो कशावर?"
देवकृपेवर, म्हटले.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
न्यायाने वागावे म्हणून मीटरचीही परीक्षा घेतली. मिक्सरच्या वायरला लावला, शून्य. फ्रिजच्या, शून्य. पाण्याच्या मोटरच्या, शून्य. म्हणजे मीटर चोख आहे. सगळीकडे एकच बोलतो.
मग डोक्यात लख्ख उजेड पडला. घरात काहीच करंट जात नसेल तर १,३४० रुपयांचे लाइट बिल कसले? दहा वर्षांच्या हिशेबाच्या वह्या काढल्या. वीज कार्यालयाला दोन पानी तक्रार लिहिली. अक्षर छान आले.
जेवताना भावजींना चारचौघांसमोर शून्याचे नऊ आकडे वाचून दाखवले. स्वतःच्या भावाला लुटता, म्हटले. ते हात धुऊन उठले. भात ताटात तसाच. अन्नाचा माज!

८ फेब्रुवारी, रविवार
भावजी गेले. टेम्पोत हत्यारे भरली, शेडची चावी खुंटीला लावली. सासुरवाडीच्या गावात कुठल्याशा गॅरेजात लागले म्हणे. जाताना म्हणाले, "वहिनी, शून्य अँपियरवर चालणारा ट्रॅक्टर तुम्हाला लखलाभ."
उत्तर सुचले तोवर टेम्पो वळला होता.
आता घर शांत. एक ताट कमी. सवयीने दोन पोळ्या जास्त झाल्या, संध्याकाळी मीच खाल्ल्या. यांनी अबोला धरला आहे. फायदाच, चहाला निम्मी साखर घातली तरी बोलत नाहीत.
संकल्प: भावजींचा विचार मनात आणायचा नाही. आज सात वेळा आणला, पण रागाने.

११ फेब्रुवारी, बुधवार
वीज कार्यालयाचा वायरमन आला. वाटले होते साहेब येईल. तक्रार हातात धरून हसत होता. म्हटले, हसायचे काम नाही, मोजा.
त्याने मिक्सरची वायर पाहिली. "बाई, या एका वायरीत दोन तारा आहेत. एकीतून करंट जातो, दुसरीतून परत येतो. दोन्ही एकाच चिमट्यात धरल्या की एकमेकांना पुसतात. शून्यच दिसणार." आपल्या पिशवीतून एक वायर काढली, तिच्या दोन तारा सुट्या केलेल्या. ती मध्ये जोडून एकीलाच माझा चिमटा लावला आणि मिक्सर फिरवला. २.१.
मी म्हटले, ट्रॅक्टरला तर एकच तार धरली होती. आता बोला.
त्याने मीटर उलटसुलट करून पाहिला. "हा घरच्या लाइनचा मीटर. बॅटरीचा करंट याला दिसतच नाही. ही नागमोडी रेघ बघा, घरच्या लाइनचीच खूण."
मला ती नक्षी वाटली होती. मॅट्रिकला विद्युत हा धडा मी ऑप्शनला टाकला होता. त्यात माझा काय दोष, परीक्षेचीच तशी सोय होती.
त्याच्याकडे बॅटरीचा करंट मोजणारा मीटर होता. भावजींकडे आहे तसाच, पिवळा. म्हटले, आलाच आहात तर ट्रॅक्टर मोजा. यांनी किल्ली फिरवली. चारशे ऐंशी.
वायरमन म्हणाला, "बास करा, आत घासतोय. कोणी फार वेळ फिरवलाय का हा?" हे माझ्याकडे बघत राहिले.
म्हटले, आकडा चुकला असेल, पुन्हा. वायरमन नको म्हणाला, यांनी नुसता हात हलवला. मग मीच सीटवर चढले, दांडा ओढला, किल्ली फिरवली. या वेळी खात्रीसाठी एकवीस नामे. चौदाव्या नामाला निळा धूर आला. सतराव्याला वास. नाम अर्धवट सोडू नये म्हणून एकवीस पुरी केली. तोवर वायरमनने पान्याने बॅटरीची तार काढली होती.
वायरमनला चहा, पूर्ण साखरेचा.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
बाजारातला मेकॅनिक येऊन गेला. स्टार्टर पूर्ण जळाला. नवा ११,५००, तोही पंधरा दिवसांनी. बुश वेळेवर बदलले असते तर भागले असते म्हणे. परक्याला काय जाते बोलायला!
यांनी पाच दिवसांनी तोंड उघडले. म्हणाले, "कंत्राटदार तेवीसपर्यंत थांबेल. पुढे दुसरा ट्रॅक्टर लावणार. भाऊ असता तर जुन्यातला एखादा जोडून दोन दिवसांत चालू करून दिला असता."

१४ फेब्रुवारी, शनिवार. दुपार
भावजी यांचा फोन उचलतात, माझे नाव निघाले की ठेवतात. म्हणून कार्ड. तीन खर्डे फाडले. एकात मीच रडवी वाटत होते. हा चौथा, उतरवून ठेवते:

चि. भावजींस अनेक आशीर्वाद.
येथे सर्व कुशल. स्टार्टर सोडून. वायरमनच्या मीटरने चारशे ऐंशी आले, म्हणजे तुम्ही पन्नास कमीच सांगितले होते. मीटरवाल्याने मला फसवले. त्यात तुमचाही थोडा दोष, नागमोडी रेघेचे तुम्ही आधी सांगितले नाही. बरे, मी विचारले नव्हते. शेडची चावी खुंटीलाच आहे. तुमचे भाऊ जेवत नाहीत. कंत्राटदार तेवीसपर्यंत थांबेल. दोन पोळ्या अजूनही जास्तच होतात. चूक कोणाची हे लिहायला कार्डावर जागा उरली नाही, तर आलात की तोंडी सांगेन, पण हे समोर नसताना. येताना तुमचा मीटर आणा, त्यावरच मोजू. कोणत्या गाडीने येता तेवढे उलट टपाली कळवा.