वर्तुळ आणि एकशे चौदा

१२ जून २००५, रविवार

क्षमा असावी. रोजनिशी त्यांनी लिहावी ज्यांच्या आयुष्यात काही घडते. माझ्या आयुष्यात धारवाडच्या विद्यापीठाचे ग्रंथालय, रायापूरची बस आणि आईची हाक यांपलीकडे काही नाही. तरीही हा आगाऊपणा करते आहे, कारण आजची गोष्ट पोटात राहीना आणि जिला सांगावी अशी व्यक्ती घरात दिसेना.

प्रभंजन आला होता. माझा आतेभाऊ, बेंगळूरात इंजिनिअर आहे आणि तिथल्या सायकल मंडळाबरोबर सुट्टीच्या दिवशी डोंगर चढतो. गोकुळ रोडच्या एका भंगारवाल्याकडून त्याने सायकलची फ्रेम आणली. नुसती फ्रेम! चाके नाहीत, हँडल नाही, कुठे नाव नाही. खिडकीच्या गजांना देतात तसला हिरवा ऑइलपेंट वरून फासलेला.

“ही इकडची नव्हे, भार्गवी. डोंगरावर चालवायची परदेशी सायकल आहे, वीसेक वर्षांपूर्वीची. पण बनवली कुणी ते कळेना. हे काम तुझ्यासारखीचं. जुन्या पोथ्या कुणी लिहिल्या ते ओळखतेस की नाही? मग ही ओळख.”

आई आतून म्हणाली, “लग्नाआधीच संसाराचं सामान आणून टाकायलास की रे!” आणि स्वतःच हसली. तोही हसला. मला आत्याच्या घरी द्यायचे, हे मी पाळण्यात असल्यापासून दोन्ही घरांत बोलले जाते. मी खाली पाहत राहिले. लहानपणी त्याला ‘तू’ म्हणत होते. आता ‘तू’ आणि ‘तुम्ही’ दोन्ही टाळून वाक्ये रचावी लागतात — फार कसरत!

१४ जून

फ्रेम पडवीत पालथी घातली आहे. साध्या सायकलीत नळ्या जुळतात तिथे लोखंडी टोप्या बसवलेल्या असतात. हिला त्या नाहीत. सांधे पितळ ओतून, घासून, मेणासारखे गुळगुळीत केले आहेत. कुणीतरी या सांध्यांवरून पुष्कळ वेळ हात फिरवला असला पाहिजे.

नळीवर नख मारले तर तानपुऱ्याच्या खालच्या तारेसारखा स्वर लागतो. बाबांची सायकल तशी वाजवून पाहिली. ती नुसती ‘टक’ म्हणाली.

१९ जून

भौतिकशास्त्र विभागातल्या मैत्रिणीकडून व्हर्निअर कॅलिपर मागून आणला. सीटची दांडी जिथे शिरते त्या नळीचा आतला व्यास, मागच्या चाकाच्या खाचांतले अंतर, ब्रेक अडकवण्याच्या बोंडांची उंची — सारे मोजले. हात काळे, मन प्रसन्न. पोथीतला मूळ मजकूर शोधण्याच्या शास्त्राचा, म्हणजे पाठचिकित्सेचा, हा असाही वर्ग असू शकतो, हे आमच्या सरांना सांगितले तर ते काय म्हणतील!

२६ जून

सप्तापूरच्या सायबर कॅफेत जुन्या सायकलींच्या संग्राहकांचे एक संकेतस्थळ सापडले. हजारो छायाचित्रे. इंग्रजी भराभर वाचता येत नाही, म्हणून शब्दकोश मांडीवर घेऊन बसले. शेजारचे कॉलेजकुमार नोकरीचे अर्ज भरत होते आणि मी सायकलीचे सांधे पाहत होते. एकाने मित्राला कोपर मारले. मारू दे.

३ जुलै

आकडा सापडला!

पेडलचा आस ज्या आडव्या नळीत बसतो, तिच्या पोटाकडचा रंग आज खरवडला. आधी एक लहान वर्तुळ, मग ११४. ठोकून उमटवलेला. आजूबाजूला कानशीने घासल्याच्या बारीक रेषा आहेत. आकडा नीट बसावा म्हणून कारागिराने जागा सपाट केली असेल.

आईला हाक मारणार होते. ती पापड वाळत घालत होती, म्हणून मारली नाही.

१० जुलै

कॅलिफोर्नियात हॉलोवे नावाचा एक कारागीर होता. एकटा काम करी. त्याने फार थोड्या फ्रेमी बांधल्या आणि आकड्याआधी तो लहान वर्तुळ ठोकत असे. सांधे असेच, मापे अशीच. बाकीच्या खुणा त्या काळच्या इतरही बनावटींना लागू पडतात, हे खरे. पण वर्तुळ फक्त त्याचे.

कोपऱ्यावरच्या बूथमधून बेंगळूरला फोन लावला. प्रभंजनने आकडा पुन्हा म्हणायला लावला. मग ओरडला, “हौदा? खरंच? भार्गवी, तू म्हणजे डोकं आहेस बघ! सगळं लिहून ठेव. मराठीत लिही, मी इंग्रजीत घालतो. आपण दोघं मिळून छापू.”

आपण दोघं.

१७ जुलै

तो आला, लेख वाचला, फ्रेम कापडात गुंडाळली आणि बेंगळूरच्या बसवर चढवली. निघताना म्हणाला, “तुझ्यावाचून हे झालंच नसतं.” पडवी मोकळी दिसते.

१४ ऑगस्ट, रविवार

प्रभंजनच्या सायकल मंडळाच्या संकेतस्थळावर लेख आला. मी मोजलेली मापे, मी लावलेला क्रम, मी काढलेला निष्कर्ष. तानपुऱ्याची खालची तारसुद्धा आहे — आणि या माणसाने आयुष्यात तानपुऱ्याला हात लावलेला नाही!

लेखक : प्रभंजन. एकटा.

अगदी शेवटी आभार आहेत. “धारवाडच्या माझ्या नातेवाइकांनी फ्रेम ठेवायला जागा दिली.”

मी माझे नाव चार वेळा शोधले. मग छायाचित्रांसह लेख छापून घेतला आणि घरी आले.

१६ ऑगस्ट

फोन केला. आवाज चढू नये म्हणून बूथच्या काचेवरच्या जाहिराती वाचत बोलले.

“अगं, एवढं काय? घरचंच काम की.”

“आपण दोघं म्हणून ठरलं होतं.”

“तिथले लोक तुला ठाऊक नाहीत. सगळे बाहेर शिकून आलेले. धारवाडच्या मराठी शाळेतल्या मुलीनं ओळखली म्हटलं असतं, तर कुणी वाचलं तरी असतं काय?”

त्या शाळेत मी पहिली आले तेव्हा याच प्रभंजनने मला खांद्यावर बसवून गल्लीभर फिरवले होते. मी सहावीत होते. हे त्याला सांगावेसे वाटले; सांगितले नाही. “बरं,” एवढेच म्हटले. वाद कसा घालतात हे मी पुस्तकांतच वाचले आहे.

१७ ऑगस्ट

आज काही वाचले नाही.

२१ ऑगस्ट

त्या लेखाखाली हॉलोवेच्या मुलीने लिहिले आहे. मार्था तिचे नाव. वडील गेल्या हिवाळ्यात वारले. बांधलेली प्रत्येक फ्रेम त्यांनी विकली. घरात त्यांच्या हातची एकही उरली नाही. ही मिळाली तर त्यांच्या कामाच्या खोलीत लावीन, म्हणते. “वडिलांच्या हाताने घासलेल्या सांध्यावर हात ठेवायचा आहे,” अशा अर्थाचे वाक्य आहे.

प्रभंजनने उत्तर दिले आहे. सोमवारी, पाच सप्टेंबरला फ्रेम पार्सलने निघेल.

मला रडू आले. रागाचे नव्हे. एवढ्या दूरच्या बाईचे दुःख माझ्या मोजमापाने हलके होणार होते. नाव नसले तर नसू दे, असे आज प्रथमच वाटले.

२८ ऑगस्ट, रविवार



छापलेला लेख मी टेबलावर विसरले होते. आई गणपतीच्या तयारीसाठी माळा काढायला आली आणि तिथेच थबकली.

“अय्यऽ! हा अप्पाजींचा शिक्का की गं! हा फोटो कुणी काढला?”

“कुठले अप्पाजी?”

“भाड्यानं सायकली देत नव्हते काय, आमच्या कॉलेजाजवळ? माणूस भारी संशयी. सायकल कुणी पळवून विकू नये म्हणून मूळचा नंबर कानशीनं घासून टाकायचे आणि आपला ठोकायचे. आधी एक गोल, मग आकडा. उशीर झाला की लांबूनच ओरडायचे, ‘एकवीस नंबर, सूर्य कुठं गेला बघ!’ मी पडायची ती एकवीसवरूनच. गुडघा दाखवू?”

“परदेशी सायकल कशी असेल त्यांच्याकडे?”

“का नसेल? गाणं शिकायला येणारे गोरे जाताना सायकली त्यांनाच विकून जायचे. अन् आपली सायकल कुठली समजतीस? दुकान मोडलं तेव्हा तुझ्या बाबांनी त्यांच्याकडूनच घेतली की.”

मी अंगणात गेले. बाबांची सायकल आडवी केली. पोटाकडचा चिखल पदराने पुसला.

लहान वर्तुळ. मग ८७. बाजूला कानशीच्या रेषा.

याच सायकलच्या कॅरिअरवर बसून मी दहावीपर्यंत शाळेत गेले. हीच तर मी नख मारून वाजवली होती! वाजवली — उलटी करून पाहिली नाही. पोथीत नंतरच्या हाताने घुसडलेला मजकूर मूळ लेखकाचा मानू नये, हे आमच्या शास्त्राचे पहिले पाऊल. मी नेमकी त्याच पायरीवर घसरले. कॅलिफोर्नियाचे वर्तुळ मला ठाऊक होते, धारवाडचे नव्हते.

फ्रेम हॉलोवेची असू शकते. नसूही शकते. घासून टाकलेल्या मूळ आकड्यावाचून कुणीच सांगू शकत नाही.

३० ऑगस्ट

प्रभंजनला सांगितलेच पाहिजे. चूक कळल्यावर तो पार्सल थांबवील. कितीही झाले तरी तो तसा नाही.

१ सप्टेंबर

तो तसाच आहे.

फोनवर सगळे ऐकून घेतले. मग हसला. मग कन्नडात, हळू आवाजात — “सुम्निरु, भार्गवी. गप्प राहा. कुणापुढे बोलू नकोस.”

“पण त्या बाईंना वडिलांची म्हणून—”

“त्यांना समाधान मिळतंय ना? भिंतीवर टांगल्यावर उलटी करून कोण बघणार? इथं माझं नाव झालंय. आता चुकलो म्हणून सांगू? हसतील मला.”

“हे खोटं आहे.”

त्याचा आवाज एकदम मऊ झाला.

“हे बघ. गणपतीला आईला घेऊन येतोच आहे. बोलणी उरकून टाकू. मग तुझं-माझं वेगळं काय राहणार आहे? माझं नाव तेच तुझं नाव.”

२ सप्टेंबर

ज्या वाक्याची इतकी वर्षे वाट पाहिली, ते वाक्य आले. असे आले.

३ सप्टेंबर

शेजाऱ्यांकडे आत्याचा फोन येऊन गेला. आई पितळी समया घासता घासता गुणगुणते आहे. माझ्या हनुवटीला राखेचा हात लावून म्हणाली, “एवढी गप्प का? लाज वाटायली काय?”

“हो,” म्हटले. खरेच वाटत होती. फक्त माझी नव्हे.

मी गप्प राहिले तर आईचे हे गुणगुणणे राहील, आत्या राहील, तो राहील. आणि एक बाई परक्याच्या सांध्यावर हात ठेवून आपल्या बापाला आठवत राहील. बोलले तर आधी माझीच चूक चव्हाट्यावर येईल.

दुपारभर हाच विचार केला. मग एक गोष्ट लक्षात आली. ‘काम माझे’ म्हणून मी भांडले असते, तर त्याने ते सहज खोडले असते. ‘चूक माझी’ म्हणाले, तर ती आपली म्हणायला तो पुढे येणार नाही.

४ सप्टेंबर, रविवार

सायबर कॅफेतून मार्थाबाईंना ईमेलने पत्र लिहिले. इंग्रजी कच्चे आहे. तसेच जाऊ दिले. फ्रेमची ओळख मी पटवली होती आणि ती चुकली आहे. ते वर्तुळ आमच्या गावच्या भाड्याच्या दुकानाचे आहे. बाबांच्या सायकलच्या शिक्क्याचे छायाचित्र जोडले. फ्रेम कुणाची हे मला ठाऊक नाही, एवढे मात्र खात्रीने सांगते, असे लिहिले. तुमच्या वडिलांविषयी मला वाईट वाटते, हेही लिहिले.

त्याच पत्राची प्रत प्रभंजनला. वर एकच ओळ, मराठीत : “तू पार्सल थांबव.” तू. कसरत संपली.

खाली पूर्ण सही केली — भार्गवी मुकुंदराव कित्तूरकर. हे नाव आता बदलेल असे दिसत नाही.

धाडले : रविवार, ४ सप्टेंबर २००५, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी.