समोरच्या छपरावरचा धूर

ता. ४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून डोकं तापलं. आई गोठ्यात पाय मोडून दिवसभर, रात्रभर पडून राहते आणि समोरच्या उतारावरच्या काकू फिरकत नाहीत? याला शेजार म्हणायचं? त्यांना चांगलं खरमरीत पत्र लिहिणार आहे. मी ठरवलंय, गाय विकायची, घराला कुलूप लावायचं आणि आईला कायमचं इकडे शहरात आणायचं. दाजींना नमस्कार.

रागात लिहिलं तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. ९ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

काकूंना एक ओळ जरी लिहिलीस तर गाठ माझ्याशी आहे. उचलली जीभ, लावली टाळ्याला! शहरात राहून विसरलास का, आपल्याकडे एक घर या उतारावर, दुसरं त्या उतारावर. मधे ओढा. घसा फुटेस्तोवर ओरडलं तरी माणसाचा आवाज पलीकडे जात नाही. म्हणून सकाळी उठल्यावर समोरच्या छपरातून धूर निघतोय का ते आधी बघायचं. नाही दिसला तर हातातलं काम टाकून ओढा उतरायचा. बाबा गेले त्या सकाळी काकू अशाच धावत आल्या होत्या.

तू गॅसची शेगडी आणलीस, चूल मोडलीस, वर टेंभा मिरवलास की आता आईच्या डोळ्यांत धूर जाणार नाही. सुरुवातीला काकू रोज धापा टाकत यायच्या. आई हसायची. मग त्यांनाही बिनधुराच्या छपराची सवय झाली. तुला कोणी शेगडी देऊ नकोस म्हटलं नसतं रे, पण काकूंशी चार शब्द बोलून काहीतरी दुसरी खूण ठरवायचीस. दुसऱ्या दिवशी दूध न काढलेली गाय हंबरून हंबरून बेजार झाली, ते पलीकडे ऐकू गेलं म्हणून आई वाचली. आणि तू त्याच गाईला विकायला निघालास!

आई माझ्याकडे येईल. परवा मी तिला न्यायला जाते आहे.

चिडले म्हणून माया आटली असं समजू नकोस.

तुझी ताई

ता. १४ जानेवारी

चि. ताई आणि धाकटा,
दोघांना आशीर्वाद. पत्र एकच लिहिते, कारण कान दोघांचेही उपटायचे आहेत.

ताई येऊन सगळं ऐकवून गेली. न्यायला आली होती, मी गेले नाही. एकाने गाय विकायला काढली, दुसरीने माझी पथारी हलवायला घेतली. मला कोणी विचारलं का? पाय मोडलाय, अक्कल शाबूत आहे. मी काही वाटणीत काढलेलं भांडं नाही.

सध्या काकूंकडे आहे. पाठुंगळी घेऊन ओढा ओलांडला त्यांनी, या वयात. पायाचं हाड सांधेपर्यंत इथे राहीन, मग माझ्या घरी.

गोठ्यात पडले तेव्हा आधी धाकट्याला हाका मारल्या, मग ताईला. काकूंना एकदाही मारली नाही. आल्या त्या काकूच.

जेवत जा वेळेवर दोघं.

तुमची आई